भिंतीचा रंग दरवर्षी सुटतोय? नवा डबा आणण्याआधी हे तपासा

परभणी, सेलू, मानवत, पाथरी या पट्ट्यात मी गेली बावीस वर्षं घरं रंगवतो. दसरा जवळ आला की फोन सुरू होतात आणि त्यातल्या बऱ्याच फोनांवर एकच तक्रार असते. "मागच्या दिवाळीला रंग दिला होता, भारीतला दिला होता, तरी खालून पोपडे सुटलेत. आता कोणता रंग घेऊ?"

मी सांगतो, सध्या कोणताच घेऊ नका. रंग खराब निघाला असं माझ्या अनुभवात फार थोड्या वेळा झालंय. बहुतेक घरांत भिंत कुठून तरी पाणी पीत असते, आणि ते पाणी बाहेर पडताना रंगाला ढकलून देतं. पाणी कुठून येतंय ते कळल्याशिवाय दिलेला रंग, मग तो कितीही महागाचा असो, एक-दोन पावसाळ्यांत उतरतो. त्यामुळे खाली दिलेल्या क्रमानं तपासा. आधी फुकटातल्या गोष्टी आहेत, मग थोड्या खर्चाच्या, शेवटी फोडाफोडीच्या. हा क्रम मोडून थेट भिंत फोडायला घेतलेली घरं मी पाहिली आहेत. दोष खिडकीत होता आणि भिंत विनाकारण उघडी पडली.

आधी लक्षणं नीट पाहा

डाग कुठे आहे आणि कसा दिसतो यावरूनच अर्धं निदान होतं.

- जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, वरची कड लाटेसारखी वरखाली, बोट फिरवलं की पांढरी पूड हाताला लागते: पाणी पायातून किंवा जोत्यातून वर चढतंय. याला आपल्याकडे लोणा लागला म्हणतात, कुणी खार फुटला म्हणतं.
- खिडकीच्या खाली किंवा बाजूला ओघळासारखा डाग: कूलर, खिडकीची सिल (चौकटीखालचा आडवा कट्टा) किंवा वरचा छज्जा.
- छताच्या कोपऱ्यात किंवा मध्येच पिवळट गोल डाग, कडेला गडद रेघ: गच्ची.
- एकाच खोलीच्या एकाच भिंतीवर, उन्हाळ्यातही न वाळणारी ओल, आणि भिंतीपलीकडे बाथरूम किंवा मोरी: नळाचा पाइप, फरशीचे सांधे किंवा न्हाणीचा ट्रॅप (जाळीखालचं पाणी जायचं भांडं).
- रंग कागदासारखा मोठ्या पापुद्र्यांत सुटतोय पण भिंत हाताला कोरडी लागते: ओल नाहीच, आधीच्या कामाचा दोष.
- कपाटामागे, कोपऱ्यात काळे-हिरवट ठिपके आणि कुबट वास: बुरशी. खोलीत हवा खेळत नाही.
- खिडकी-दाराच्या कोपऱ्यातून निघालेली तिरकी भेग, पावसाळ्यानंतर लहान-मोठी होणारी: पाया हलतोय. हे रंगाऱ्याचं काम नाही. शेवटी त्यावर लिहिलंय, ते आधी वाचा.

पांढरी पूड खाराची की बुरशीची, हा गोंधळ बऱ्याच जणांचा होतो. चिमूटभर पूड वाटीत घेऊन वर पाण्याचे चार थेंब टाका. खार विरघळतो, बुरशी विरघळत नाही. बोटांत चोळल्यावर खार बारीक साखरेसारखा करकरतो.

आपल्याकडे पाऊस कमी, मग एवढी ओल कशी?

हे मला कायम विचारतात, आणि प्रश्न रास्त आहे. कोकणात पाऊस आपल्या कितीतरी पट पडतो, तिथल्या भिंती शेवाळतात, काळ्या पडतात. आपल्या भिंती मात्र पांढऱ्या पूड होऊन गळतात. कारण आपल्या पाण्यात आणि आपल्या उन्हात आहे.

बोअरचं पाणी किती जड आहे हे कुठल्याही घरातल्या नळाच्या तोटीवरचा पांढरा थर पाहिला की कळतं. ते पाणी विटेत, गिलाव्यात शिरताना सोबत क्षार नेतं. मग आपला कोरडा वारा आणि ऊन भिंतीच्या तोंडावरून पाणी उडवून नेतात. पाणी जातं, क्षार तिथेच राहतात आणि त्यांचे खडे बनतात. खडा बनताना त्याला जागा लागते, ती तो पुट्टीच्या पाठीमागे करून घेतो. पुट्टी फुगते, रंग तडकतो, पूड गळते. पुढच्या पावसात तोच क्षार पुन्हा विरघळतो, उन्हाळ्यात पुन्हा खडा होतो. ओलं-कोरडं, ओलं-कोरडं हे चक्र आपल्याकडे जितकं जोरात फिरतं तितकं सतत ओल्या मुलखात फिरत नाही. म्हणून थोड्या पावसातही आपली भिंत जास्त खराब होते.

यातून एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. खार धुऊन काढू नका. ओल्या फडक्यानं पुसला की तो विरघळून परत भिंतीत जातो. कोरड्या ब्रशनं झाडायचा, खाली कागद अंथरायचा आणि पूड घराबाहेर टाकायची. कुंडीतसुद्धा टाकू नका.

पहिली तपासणी: पापुद्र्याची पाठ

पैसा लागत नाही, दोन मिनिटं लागतात, आणि तरी कुणी करत नाही. सुटलेला एक पापुद्रा अलगद काढा, उलटा करा आणि उजेडात धरा.

पाठीवर मऊ पांढरी भुकटी असेल, बोट ओढलं की चुन्यासारखी रेघ उठत असेल, तर जुन्या चुन्यावर किंवा डिस्टेंपरवर न खरवडता रंग मारलाय. नवा रंग भिंतीला कधी चिकटलाच नव्हता, तो चुन्याच्या भुकटीला चिकटला होता. इथे ओल शोधत बसू नका. सगळं खरवडून, पॉलिश पेपर मारून, धूळ पुसून, प्रायमरपासून काम करा. भिंत बरी होते.

पाठीवर पुट्टीचा जाड थर असेल तर त्याची जाडी पाहा. पुट्टीचे दोन हात मिळून दीड मिलिमीटरच्या आसपास थर असायला हवा. भिंतीचा खड्डा गिलाव्यानं भरायचा सोडून पुट्टीनं भरला की चार-पाच मिलिमीटर थर होतो आणि तो स्वतःच्या वजनानं सुटतो. पीओपीनं भिंत सपाट केली असेल तर तीही पाहा. पीओपी कोरड्या छताला ठीक, ओल असलेल्या भिंतीवर ती भिजून नरम पडते.

पाठीला वाळू आणि गिलाव्याचे कण चिकटून आले, आणि मागचा गिलावा नखानं उकरला जातोय, तर मात्र खाराचं काम आहे. पुढे वाचा.

एक सावधगिरी. घर जुनं असेल आणि खालचा पट्टा ऑइल पेंटचा असेल तर कोरडा घासू नका. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं असू शकतं आणि घासताना उडणारी धूळ लहान लेकरांना फार वाईट. तेवढा भाग पाण्याचा हलका फवारा मारून खरवडा, तोंडाला चांगला मास्क लावा, लेकरं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नको.

दुसरी: कूलर आणि खिडकी

ही तपासणी मी मुद्दाम इतकी वर घेतली आहे. त्यामागे एक घर आहे.

परभणीत एका निवृत्त गुरुजींच्या घरी गेलो होतो. दिवाणखान्याची खिडकीखालची भिंत चार वर्षांत तीनदा रंगवलेली. मावशींनी तिथे सोफा सरकवून ठेवला होता, पाहुण्यांना दिसू नये म्हणून. सोफा ओढला तर मागे पूड साचून छोटा ढीग झालेला. अंगठा टेकवला, तर गिलावा भिजलेल्या बिस्किटासारखा आत गेला. आधीच्या माणसानं पायातून ओल येते म्हणून जोतं खोदायचा खर्च सांगितला होता. पण मला पट्टा उलटा दिसत होता. जमिनीपाशी भिंत बरी आणि खिडकीच्या सिलपाशी सगळ्यात वाईट. पायातलं पाणी असतं तर खाली जास्त दिसलं असतं.

बाहेर गेलो. खिडकीत मार्च ते जून कूलर बसतो. त्याचा बॉल कॉक, म्हणजे टाकी भरली की पाणी थांबवणारा तरंगता नळ, नीट बंद होत नव्हता, टाकी भरली की कडेवरून बारीक धार सिलवर. सिलचा उतार बाहेर हवा, तो आत होता. कूलरच्या टाकीतलं पाणी साध्या बोअरच्या पाण्यापेक्षाही खारट असतं, कारण पाणी उडून जातं आणि क्षार टाकीतच साठत जातात. ते पाणी चार महिने रोज भिंतीत. बॉल कॉक बदलला, सिलवर सिमेंटचा हात फिरवून उतार बाहेर काढला आणि सिलच्या कडेखाली पाणी तुटावं म्हणून बारीक खाच घेतली. जोतं कुणी खोदलं नाही.

तुमच्याकडे हे पाहा: कूलर स्टँडवर भिंतीपासून चार बोटं लांब आहे का? ओव्हरफ्लोची नळी नालीपर्यंत जाते का, की भिंतीवरूनच ओघळते? सिलवर पेलाभर पाणी ओता, ते बाहेर पळतं की चौकटीकडे? एसीची नळी कुठे सुटलीय? खिडकीतल्या कुंड्यांखाली ताटली आहे का? ही पाच मिनिटांची पाहणी आहे आणि बऱ्याच घरांचा प्रश्न इथेच संपतो.

तिसरी: प्लास्टिकचा तुकडा

पाणी भिंतीच्या आतून येतंय की खोलीतली दमट हवा भिंतीवर बसतेय, हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठी दीड फूट बाय दीड फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. रंग खरवडून उघड्या केलेल्या गिलाव्यावर ते ठेवून चारही कडा चिकटपट्टीनं पक्क्या बंद करा. कुठूनही हवा जायला नको. दोन दिवस हात लावू नका.

तिसऱ्या दिवशी पाहा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला थेंब दिसले किंवा गिलावा गडद झाला, तर भिंतीत पाणी आहे. खोलीकडच्या बाजूला दव आलं आणि आत कोरडं राहिलं, तर खोली कोंदट आहे. खिडकी उघडा, ओले कपडे आत वाळत घालणं थांबवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, स्वयंपाकघरात एक्झॉस्ट बसवा. दोन्हीकडे कोरडं असेल तर रंगाचं काम सुरू करायला हरकत नाही.

हाच तुकडा तीन उंचींवर लावला तर आणखी कळतं: जमिनीपाशी, तीन फुटांवर आणि छताजवळ. जिथे जास्त पाणी, त्या बाजूनं येतंय.

सोबत पेन्सिलनं डागाच्या कडेनं रेघ मारा आणि शेजारी तारीख लिहा. महिन्यानं रेघेबाहेर डाग गेला असेल तर पाणी चालू आहे. आत सरकला असेल तर भिंत वाळतेय. एवढ्याशा रेघेनं मला जितकं कळतं तितकं मालकांच्या आठवणीवरून कळत नाही.

चौथी: घराबाहेरून एक फेरी

आता बाहेर या आणि भिंतीचा पायथा पाहत पूर्ण घराला वळसा घाला. जोत्याच्या वर माती चढलीय का? भिंतीला लागून फुलझाडांचा वाफा केलाय का, त्याला रोज पाणी घालता का? भांडी घासायची जागा भिंतीशीच आहे का? पन्हाळीचं पाणी पाइपातून पायापाशीच पडतं का?

आपल्या गावांत अलीकडे एक नवी अडचण झालीय. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, मग त्यावर दुसरा झाला. रस्ता वर आला, जोतं खाली गेलं. आधी तीन पायऱ्या चढून घरात जायचो, आता एकच राहिली, अशी कितीतरी घरं आहेत. पावसाचं पाणी आता भिंतीला टेकून उभं राहतं. जोत्याच्या पातळीवर ओल अडवणारा जो थर असतो, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो असला तरी पाणी त्याच्या वरूनच भिंतीत शिरतं. जुन्या घरांत तर तो थर नसतोच.

यातलं जेवढं स्वतः करता येईल ते करा. माती जोत्याच्या खाली किमान अर्धा फूट उतरवा, वाफा भिंतीपासून तीन फूट लांब न्या, पन्हाळीचा पाइप नालीपर्यंत वाढवा. मग गवंडी लावून भिंतीभोवती तीन फूट रुंदीचा कोबा करा, बाहेरच्या बाजूला दीड-दोन इंच उतार द्या. काळ्या मातीत हा कोबा दुहेरी कामाचा आहे. ही माती पाणी प्यायली की फुगते, उन्हात आकसून भेगाळते. पायालगत तिला पाणी मिळालं नाही तर भिंतीची ओलही थांबते आणि भेगाही कमी होतात.

पाचवी: बाथरूमची भिंत

ओल बाथरूमला लागून असेल तर आठ दिवस ते बाथरूम पूर्ण बंद ठेवा. डाग पेन्सिलच्या रेघेच्या आत सरकला तर वापराचं पाणी झिरपतंय: फरशीचे सांधे, न्हाणीच्या ट्रॅपचा भोवताल, कमोडचा सांधा. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांधे भरायचा पक्का मसाला) भरणं हे त्यातलं सगळ्यात स्वस्त काम, ते आधी करून बघा. डाग जागचा हलला नाही तर भिंतीतला नळ गळतोय. रात्री सगळ्या तोट्या बंद करून गच्चीवरच्या टाकीची पातळी खूण करून ठेवा, त्या रात्री मोटार लावू नका. सकाळी पातळी उतरली तर प्लंबर बोलवा आणि पाइपाची प्रेशर टेस्ट करायला सांगा. टेस्ट न करता टाइल्स फोडायला निघालेल्या प्लंबरला थांबवा.

सहावी: गच्ची

डाग छताला असेल तरच. आधी झाडू घेऊन वर जा. पाइपाच्या तोंडात पालापाचोळा, पतंगाचे कागद, कबुतराची पिसं अडकलेली असतात आणि पाणी तुंबतं. कठड्याच्या भिंतीला पिंपळाचं रोप उगवलं असेल तर ते साधं समजू नका, त्याचं मूळ सांध्यात खोल जातं. नुसतं वरून तोडलं तर पुन्हा फुटतं. मुळासकट काढून भेग भरावी लागते. मग गच्ची आणि कठडा जिथे मिळतात तिथला गोलावा पाहा, बहुतेक गळती तिथूनच असते.

तरी कळलं नाही तर पाइपाचं तोंड बंद करून इंचभर पाणी २४ तास उभं करायचं आणि खाली डाग वाढतो का पाहायचं. ही चाचणी फक्त चांगल्या स्थितीतल्या आरसीसी स्लॅबवर. एका चौरस मीटरवर इंचभर पाण्याचं वजन २५ किलो होतं, म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीवर जवळपास २८० किलो. माळवदावर (मातीच्या धाब्यावर), पत्र्यावर, सळई उघडी पडलेल्या स्लॅबवर हे चुकूनही करू नका.

झाकायचे उपाय का टाळायचे

हे मी स्वतःच्या चुकीतून सांगतो. कामाला सुरुवात केली त्या काळात एका घरी लोणा लागलेल्या भिंतीला तीन फूट टाइल्स लावून दिल्या. घरधनी खूश, मीही खूश. दुसऱ्या वर्षी टाइल्सच्या वर फूटभर पट्टा उगवला. पाण्याला बाहेर पडायची वाट मी बंद केली होती, म्हणून ते आणखी वर चढलं आणि मोकळी जागा दिसली तिथून फुटलं. त्या घरी मी पदरच्या पैशानं टाइल्स काढून दिल्या.

ऑइल पेंटचा पट्टा तेच करतो. वॉलपेपर आणि सध्या सगळीकडे दिसणारं पीव्हीसी पॅनेलही तेच करतं. पॅनेलमागे अंधार आणि ओल मिळाली की लाकडी पट्ट्यांना वाळवी लागते, आणि ती दिसते तेव्हा उशीर झालेला असतो. भिंत कोरडी झाल्यावर हवं ते लावा, आवडीचं लावा. पण ओल्या भिंतीवर नको.

भिंत दुरुस्त करायची कशी

पाण्याची वाट बंद झाली, आता भिंत. खराब गिलावा डागाच्या वरच्या कडेपासून दीड फूट वरपर्यंत काढा, कारण खार डोळ्यांना दिसतो त्याच्याही वर गेलेला असतो. विटांचे सांधे अर्धा इंच खोल उकरा, कोरड्या ब्रशनं झाडा आणि भिंत उघडी सोडून द्या. इथे सगळ्यांचा धीर सुटतो. पाहुणे येणार, कार्यक्रम आहे, भिंत अशी उघडी कशी ठेवायची? पण एप्रिल-मेचं आपलं ऊन हे भिंत वाळवायचं सगळ्यात स्वस्त यंत्र आहे. पंखा लावा, खिडक्या उघड्या ठेवा, दर आठ दिवसांनी वर आलेला खार झाडा. खार यायचा थांबला की प्लास्टिकचा तुकडा पुन्हा लावून खात्री करा.

नवा गिलावा करताना वाळू धुतलेली घ्या आणि पाणी गोडं वापरा. जड बोअरच्या पाण्यानं गिलावा कालवला, त्याच पाण्यानं भिजवला, तर क्षार तुम्हीच भिंतीत भरता. सिमेंटच्या कामाच्या पाण्यासाठी आयएस ४५६ या मानकात मर्यादा दिल्या आहेत: सळईच्या काँक्रिटला क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत, सल्फेट ४०० पर्यंत. तोटीवर आठ दिवसांत पांढरा थर चढत असेल तर त्या कामापुरता गोड्या पाण्याचा टँकर मागवा. दुसऱ्यांदा भिंत फोडण्यापेक्षा तो स्वस्त पडतो.

गिलावा झाल्यावर किमान २८ दिवस थांबायचं. मग व्हाइट सिमेंटची पुट्टी असेल तर भिंत हलकी ओलसर करून दोन पातळ हात, त्यावर प्रायमर. डब्यातली तयार ॲक्रिलिक पुट्टी असेल तर आधी प्रायमर, मग पुट्टी, मग पुन्हा प्रायमर. वर रंगाचे दोन हात. खालच्या खोल्यांना चकचकीत रंगापेक्षा मॅट चांगला, त्यातून भिंतीला थोडा तरी श्वास मिळतो.

दगड-मातीच्या जुन्या वाड्याची भिंत असेल तर सिमेंटचा गिलावा करूच नका. दोन-अडीच फूट जाडीच्या त्या भिंती ओल घेतात आणि सोडतात, सिमेंट ती आत कोंडतं. त्यांना चुन्याचाच गिलावा आणि वर चुन्याचाच हात. चुना हलक्या प्रतीचा असतो हा समज मनातून काढा. बीबी का मकबऱ्यात खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला संगमरवर आहे, मधल्या काळ्या दगडावर घोटून गुळगुळीत केलेला गिलावा आहे. सतराव्या शतकातलं काम आहे ते, जवळ जाऊन पाहा.

रंग कधी द्यायचा

दिवाळीआधी, हे आपलं ठरलेलं. पण आपल्याकडे सप्टेंबरात परतीचा पाऊस जोराचा असतो, आणि दसऱ्याला भिंत आतून भिजलेली असते. वरून कोरडी लागते, म्हणून आपण फसतो. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत ज्यांच्या घरात पुराचं पाणी शिरलं, त्यातल्या काहींनी महिन्याभरात रंग उरकला. सणाला घर उजळावं ही इच्छा मला समजते, पण त्या भिंतींचा रंग टिकणं अवघड होतं. जाड भिंतीला वाळायला महिने लागतात. दिवाळीला तेवढी भिंत सोडून बाकी घर रंगवा, तिला चुन्याचा एक हात द्या. स्वच्छ दिसते, भिंत वाळत राहते, आणि उन्हाळ्यात चुना खरवडून पक्कं काम करता येतं.

इथे थांबा आणि माणूस बोलवा

स्विचबोर्डाजवळ ओल असेल, भिंतीला हात लावला की झिणझिण्या येत असतील, तर आधी मेन स्विच बंद. इलेक्ट्रिशियन येऊन जाईपर्यंत त्या भिंतीवर खरवडणं, झाडणं काहीच नाही.

स्लॅबमधून तांबडे ओघळ, सुटलेलं काँक्रिट, उघडी सळई दिसली, किंवा छत टोकरल्यावर पोकळ आवाज आला, तर खोली रिकामी करा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. वर पुट्टी भरून झाकलेली सळई आत गंजतच राहते.

तिरकी भेग तीन मिलिमीटरहून रुंद असेल, म्हणजे तिच्यात एकावर एक ठेवलेली दोन नाणी जात असतील, किंवा दार-खिडकी अचानक घासायला लागली असेल, तरीही इंजिनिअर. त्याहून बारीक असेल तर दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख टाका आणि एक पावसाळा व एक उन्हाळा पाहा. खुणेपुढे गेली तर दाखवा.

दगड-मातीच्या भिंतीला पोट आलं असेल, दगड पुढे सरकले असतील, तर त्या घरात झोपू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी आणि आसपासच्या गावांत असंख्य माणसं दगड-मातीच्या भिंती आणि त्यावरच्या जड माळवदांखाली गेली. मातीच्या सांध्यांत मुरलेली ओल अशा भिंतीला आतून सैल करते. ती मला रंगवायला सांगितली तर मी नाही म्हणतो, आणि तुम्हीही दुसऱ्या रंगाऱ्याकडून ती रंगवून घेऊ नका.

आणि जोत्याची ओल कोबा करून, माती उतरवून, एक पूर्ण वर्ष वाट पाहूनही थांबली नाही, तर भिंतीच्या तळाशी ओळीनं भोकं पाडून ओल अडवणारं रसायन भरतात. ते घरच्या घरी करायचं काम नाही. करणाऱ्याला आधी विचारा, भिंत विटेची की दगडाची हे त्यानं पाहिलं का, आणि भोकं किती अंतरावर, किती खोल घेणार. त्याचं वर्षभर आधी झालेलं एखादं घर दाखवायला सांगा. पावसाळा उलटून गेलेलं घर हवं, आणि तिथे गेल्यावर सोफ्यामागची भिंत बघा.